अंगणातली गंजलेली फियाट : दुरुस्त करावी की सुटी करून विकावी?

मालेगावातील जुन्या घरांच्या अंगणात, बंद कारखान्यांच्या शेडमध्ये आणि गोदामांच्या कोपऱ्यात आजही ताडपत्रीखाली झाकलेल्या फियाट, अॅम्बेसिडर आणि जीप गाड्या पाहावयास मिळतात. कोणे एके काळी त्या सूत व्यापाऱ्याच्या, साईझिंगवाल्याच्या किंवा डॉक्टरांच्या दारात दिमाखाने उभ्या असत. मालक मरहूम झाले, गाडी मागे राहिली. अब्बांची निशाणी म्हणून मुले ती भंगारात देत नाहीत आणि खर्च परवडत नाही म्हणून दुरुस्तही करीत नाहीत. असे दहा-दहा पावसाळे निघून जातात.

हा प्रश्न भावनेचा आहे हे आम्हास मान्य आहे. परंतु या पानावर आपण नेहमी हिशेबाची बाजू पाहतो, आणि हिशेबाने पाहिले तर उभी ठेवलेली गाडी दरवर्षी दोन्हीकडून तोटा करते. तिचा पत्रा गंजतो म्हणून दुरुस्तीचा खर्च वाढतो. तिचे काच, रबर, वायर आणि चकाकते भाग खराब होतात म्हणून सुट्या भागांची किंमतही घटते. तेव्हा काय करायचे ते ठरवावे, आणि ते लवकर ठरवावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

आम्ही मोटारीचे मिस्त्री नाही, आमचा धंदा कापडाचा. पण कापडवाल्याला हा प्रश्न रोजचाच आहे. ताक्यात डाग किंवा जाळे निघाले की दोनच रस्ते असतात. डाग काढता येण्याजोगा असेल तर खर्च करून ताका अखंड ठेवावा, नाही तर खराब भाग कापून चांगले तुकडे फेंट म्हणून विकावेत आणि उरलेली चिंधी किलोने द्यावी. डाग कुठे आहे आणि किती खोल गेला आहे, यावर निर्णय होतो. आपल्या कारखानदारांनी तर लोखंडावर हेच केले आहे. मोठ्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग आपल्या गावात आले, त्यांतले काही उभे राहून पुढे वर्षानुवर्षे चालले आणि काही सुटे होऊन दुसऱ्या मागांना लागले. झिजलेला पिकर, धोटा किंवा टॅपेट बदलता येतो. बिडाच्या बाजूलाच तडा गेला असेल तर त्या मागावर पैसा लावू नये, हे जॉबरला सांगावे लागत नाही. मोटारीलाही हीच कसोटी लावावयाची आहे.

गाडी कोणती आहे?

प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केली. मुंबईत कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे-मागे सलग आसन, अशी ही गाडी २००० सालाच्या आसपास बनणे बंद झाले. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसिडर कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनत असे, ती २०१४ साली बंद पडली. जीप आपल्याकडे महिंद्राची. कसमादे भागातील शेतकरी, ठेकेदार आणि पुढारी मंडळींनी ती खूप वापरली.

परवाना राजच्या काळात गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागलेली गाडी लोक जादा पैसे देऊन घेत. ज्या पिढीने असे थांबून गाडी घेतली, त्या पिढीच्या मुलांना ती भंगारात देताना जीव तुटतो, हे त्यामुळे समजण्यासारखे आहे.

निर्णयाच्या दृष्टीने या गाड्यांत एक मोठा फरक आहे. जीपची चासी वेगळी आणि वरचे बॉडीचे काम वेगळे. वरचा पत्रा पूर्ण सडला तरी खालची चासी शाबूत असेल तर नवा पत्रा बसवून जीप उभी राहते. फियाट आणि अॅम्बेसिडरला अशी वेगळी चासी नाही. त्यांचा तळ, दाराखालचे पट्टे आणि बाजूचा पत्रा मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. म्हणून जीपच्या तळाला भोक पडले तर ते पत्र्याचे काम आहे, पण फियाटच्या दाराखालचा पट्टा गेला तर गाडीचा कणाच गेला. जीपवाल्या शेजाऱ्याचे पाहून फियाटवाल्याने हिशेब करू नये.

गंज कुठे पाहावा?

बहुतेक लोक प्रथम बोनेट उघडतात आणि इंजिन चालू होते का ते पाहतात. इंजिन हा दुय्यम प्रश्न आहे. जाम झालेले इंजिन पुष्कळदा सुटते. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. सुरुवातीलाच स्टार्टर मारून जोर लावू नये. शिवाय इंजिन बदलता येते. सांगाडा बदलला तर गाडीच दुसरी झाली.

तेव्हा आधी पायाखालचे मॅट काढावे. पाणी मुरते ते मॅटच्या खाली. मग एक जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन तळाचा पत्रा, दाराखालचे पट्टे, चाकांवरच्या कमानी आणि मागच्या पाट्यांचे टोक जिथे बॉडीला बसते ती जागा दाबून पाहावी. वरवरचा गंज असेल तर पत्रा आवाज देतो आणि टिकतो. आतून गेला असेल तर स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटीन भरलेले आहे असे समजावे. तिसरी परीक्षा दाराची. दार उघडून हलकेच वर उचलावे आणि बिजागरीचा खांब हलतो का पाहावे. मग जॅक लावून गाडी एका बाजूने थोडी उचलावी आणि त्या बाजूचे दार उघड-झाक करून पाहावे. दार अडकू लागले तर सांगाडा वाकतो आहे, म्हणजे खालचे पट्टे निकामी झाले आहेत. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

आपल्या गावाच्या बाजूने एक गोष्ट आहे. मालेगावची हवा वर्षाचे आठ महिने कोरडी असते. समुद्राकाठची खारी हवा गंज फार लवकर वाढवते, त्यामुळे मुंबईत वाढलेल्या गाडीपेक्षा आपल्याकडे शेडमध्ये उभी राहिलेली गाडी पुष्कळदा बरी निघते. पण उघड्या अंगणात ताडपत्री गच्च बांधून ठेवली असेल तर उलट होते. जमिनीतली ओल खालून वर चढते, ताडपत्रीखाली कोंडते आणि गाडी आतून सडते. उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळेच.

कागदपत्रे : येथेच बहुतेकांचे घोडे अडते

दुसरा प्रश्न आर.सी. बुकाचा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. दिल्ली परिसरातील निर्बंधांच्या बातम्या वाचून आपल्याकडे असा समज झाला आहे की पंधरा वर्षांवरील प्रत्येक गाडी मोडीत काढावीच लागते. महाराष्ट्रातील खासगी गाडीच्या बाबतीत तसे नाही. गाडी तपासणीत उतरली तर नूतनीकरण होऊ शकते. खर्च मात्र वाढला आहे. मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० रुपये झाली. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. दुरुस्तीचा एक रुपयाही खर्च करण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयातून या गाडीवर एकूण किती देणे आहे, ते लिहून घ्यावे. ज्यांची जुनी नोंद नाशिकची आहे त्यांनी नोंद आता कोणत्या कार्यालयात दिसते तेही पाहावे. मालेगावचे एम.एच. ४१ हे कार्यालय नंतरचे आहे.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. अशी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला नंबरात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. पण त्यात दोन अटी आहेत. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच मुभा आहे. म्हणजे सासुरवाडीला धुळ्याला जाण्यासाठी ही नोंदणी कामाची नाही. ज्याची गाडी पन्नाशीच्या जवळ आली आहे त्याने मात्र घाईने दुसऱ्या जातीचे इंजिन बसवू नये.

आर.सी. बुक हरवले असेल आणि चासी नंबर व इंजिन नंबर नोंदीशी जुळत नसेल, तर आमच्या मते दुरुस्तीचा विचार तूर्त सोडून द्यावा. कागद नसलेली सुंदर गाडी ही अंगणातली शोभेची वस्तू आहे. ती रस्त्यावरही येत नाही आणि शहाणा माणूस ती विकतही घेत नाही.

गाडी कोणाची आहे?

हा तिसरा प्रश्न, आणि मुस्लिम घरात तो पहिला असावयास हवा. बाप वारला की त्याच्या मालकीची सुईसुद्धा मीरास होते. जमीन आणि घर यांच्या वाटणीवर चर्चा होते, पण अंगणातली गाडी ज्याच्या वाट्याला घर आले त्याचीच आहे असे गृहीत धरले जाते. शरीयतच्या दृष्टीने ते बरोबर नाही. बहिणींचाही त्या गाडीत हिस्सा आहे, आईचाही आहे.

आमच्या परिचयातील एका घरात १९७९ सालची फियाट होती. वडील गेल्यावर आई, दोन मुले व दोन मुली असे वारस राहिले. थोरल्या मुलाने भंगारवाल्याशी सौदा ठरवला. धाकटा मुंबईहून म्हणू लागला की गाडी दुरुस्त करू. दोघांत बोलणे बंद होण्याची वेळ आली. भिवंडीला आणि धुळ्याला दिलेल्या बहिणींना कोणी विचारलेच नव्हते. शेवटी आईने सांगितले की पाचही जणांची संमती झाल्याशिवाय गाडीला पाना लागणार नाही. सर्वांनी मिळून गाडी तपासून घेतली. इंजिन बरे निघाले, पण दाराखालचे दोन्ही पट्टे आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ गेलेला होता. गाडी दुरुस्त करण्याचा हट्ट धरणाऱ्या धाकट्याने स्वतः स्क्रू ड्रायव्हर घालून पाहिल्यावर तोच म्हणाला की आता सुटी करू. स्टिअरिंग त्याने आठवण म्हणून ठेवले आणि त्याची किंमत आपल्या हिश्श्यातून वजा करून घेतली. इंजिन नाशिकच्या एका गृहस्थाने आपल्या फियाटसाठी नेले. घरात वाद राहिला नाही, हा फायदा आम्ही पैशापेक्षा मोठा मानतो.

कायद्याच्या बाजूनेही हेच आहे. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. ज्यांनी केले नसेल त्यांनी इतर वारसांच्या संमतीपत्रासह आता करावे. मयताच्या नावावरची गाडी ना नीट विकता येते, ना नीट मोडीत काढता येते.

आता हिशेब

खालील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या मिस्त्रीकडून आणि आपल्या बाजारातून स्वतःचे आकडे घ्यावेत.

समजा, दुरुस्तीचा अंदाज असा आला : पत्र्याचे काम १,५०,००० रुपये, रंग ६०,०००, इंजिन ५०,०००, ब्रेक आणि सस्पेन्शन ३०,०००, वायरिंग १५,०००, आसने २५,०००, टायर व बॅटरी २५,००० आणि कागदपत्रे २०,०००. बेरीज ३,७५,०००. जुन्या पत्र्याला वेल्डिंगची ज्योत लागली की शेजारचा पत्राही गेलेला निघतो, म्हणून यात चौथाई वाढ धरावी. म्हणजे सुमारे ४,७०,०००. आणि तयार झालेल्या तशा गाडीला बाजारात समजा अडीच लाख मिळतात. फरक २,२०,००० रुपये. ही आठवणीची किंमत आहे. ज्याला ती आनंदाने आणि स्वतःच्या खिशातून देता येते त्याने द्यावी, त्यात वाईट काही नाही. पण ही रक्कम व्याजाने काढणे, किंवा सुताचे पेमेंट थांबवून गॅरेजमध्ये भरणे, हे दीनाच्याही विरुद्ध आहे आणि धंद्याच्याही.

आता दुसरी बाजू. फियाटचे वजन साधारण ९०० किलो. समजा भंगाराचा भाव किलोला २५ रुपये आहे, तर अख्खी गाडी दिल्यास २२,५०० होतात, आणि काच, रबर, गादीची घट धरून हातात २०,००० येतात. तीच गाडी सुटी केली आणि इंजिन, गिअरबॉक्स, दारे, काचा, बंपर, दिवे, मीटर, डायनामो, कार्ब्युरेटर असे भाग वेगळे विकले तर समजा ६५,००० आले, उरलेल्या सांगाड्याचे १०,००० आले आणि खोलण्याची मजुरी, वाहतूक, कागदपत्रे यांना २७,००० गेले. हातात ४८,००० राहिले. म्हणजे २८,००० जास्त. पण त्यासाठी सहा महिने ते वर्षभर जागा अडते आणि गिऱ्हाइकांशी बोलावे लागते. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने एकरकमी द्यावी, तो तोट्याचा सौदा नाही.

वर सांगितलेल्या घरासारखे वारस असतील, म्हणजे विधवा, दोन मुलगे, दोन मुली आणि इतर कोणी हिस्सेदार नसेल, तर कर्ज आणि वसियत फेडल्यानंतर या ४८,००० ची वाटणी अशी होईल : आईला आठवा हिस्सा ६,०००, प्रत्येक मुलाला १४,००० आणि प्रत्येक मुलीला ७,०००. रक्कम लहान आहे म्हणून टाळू नये. लहान रकमेत इन्साफ करणे सोपे असते.

सुटी करावयाची ठरली तर

आधी कागद, नंतर पाना. अंगणातच गाडी कापून तुकडे विकण्याची जुनी रीत आता चालत नाही. मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले, आणि आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण खात्याचे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. गाडी अशा केंद्रात जमा केली की जमा प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रद्द करून घेता येते. कोणते भाग आपण आधी काढून घेऊ शकतो, हे केंद्राला आणि आर.टी.ओ. कार्यालयाला विचारून मगच हात लावावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणेही, गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावयाची असते. नोंदणी रद्द केली नाही तर उद्या त्या नंबरावर कोणी काही केले तर पोलीस आपल्याच दारात येतील.

प्रत्येक भागाची, विशेषतः इंजिनाची, नंबरासह पावती द्यावी आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी. मेरठच्या सोतीगंज बाजाराचे उदाहरण समोर आहे. जुन्या गाड्यांच्या भागांसाठी तो बाजार देशभर प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तेथे सुट्या होतात या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तेथील दुकाने बंद केली. त्यात प्रामाणिक दुकानदारही भरडले जातात, कारण पावती नसली की खरे-खोटे वेगळे करता येत नाही. चोरीचा माल बाळगणे हा गुन्हा आहे आणि पावती हाच त्याविरुद्धचा बचाव आहे. आपल्या बांधवांनी या बाबतीत दुप्पट काटेकोर असावे असे आमचे मत आहे.

गिऱ्हाईक कोण? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार येथे जुने भाग घेणारे आहेत. पण तेथील भाव हा व्यापाऱ्याचा भाव असतो. जास्त किंमत देतो तो स्वतःची गाडी बनवणारा हौशी माणूस. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली. टॅक्सी होत्या तोवर झिजणाऱ्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. आता हौशी लोकांना हवी असतात ती न फुटलेली काच, मूळ दिवे, मीटर, चकाकत्या पट्ट्या, दाराचे हँडल. म्हणून भंगारवाल्याच्या हातोड्याआधी हे लहान भाग काळजीने काढून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवावेत.

दुरुस्त करावयाची ठरली तर

सांगाडा शाबूत, कागद पूर्ण, सर्व वारस राजी आणि पैसा स्वतःचा, या चारही गोष्टी असतील तर बिस्मिल्लाह करून कामाला लागावे. काम टप्प्याने द्यावे : आधी पत्रा, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, मग इंजिन व वायरिंग, आणि रंग सर्वात शेवटी. आपल्याकडे उलटे होते. आधी रंग मारून फोटो काढतात आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो वरचा रंग उचलतोच. मिस्त्रीला सर्व रक्कम आगाऊ देऊ नये, प्रत्येक टप्पा पाहून पैसे द्यावेत. पेट्रोलची टाकी आतून धुवून घ्यावी. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर खराब करू शकते. ते सर्व सुरुवातीलाच बदलावेत.

गाडी बनवून विकण्याचा विचार असेल तर ऐब सांगून विकावी. पुटीन भरून वरून रंग मारलेली गाडी 'एकदम ओरिजिनल' म्हणून देणे आणि फेंट जोडून फ्रेश ताका म्हणून देणे यात फरक नाही. लपवलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क फिकहने गिऱ्हाइकाला दिलेला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आणि घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण जो जुन्या गाड्या किंवा त्यांचे भाग विकण्यासाठी घेऊन ठेवतो त्याच्यासाठी तो व्यापाराचा माल आहे, साल पूर्ण झाल्यावर बाजारभावाने अडीच टक्के हिशेब करावा. शंका असेल तर मुफ्ती साहेबांना विचारावे.

वाचक बांधवांना आमची विनंती एवढीच की येत्या पावसाळ्याआधी ताडपत्री सोडावी. एक दिवस मिस्त्रीसाठी द्यावा, एक दिवस आर.टी.ओ. कार्यालयासाठी आणि एक संध्याकाळ सर्व वारसांना एकत्र बसवण्यासाठी. तीन दिवसांत उत्तर मिळते. ते उत्तर एका कागदावर लिहावे, त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि तारीख टाकावी. दुरुस्त करावयाचे ठरले तर काम कोणत्या महिन्यात सुरू होणार आणि पैसे कोण किती देणार तेही त्यावर लिहावे. सहा महिन्यांत काम सुरू झाले नाही तर गाडी सुटी करून विकली जाईल, ही ओळही त्याच कागदावर असू द्यावी.